काहीच न खाण्याचा वार

आमच्या ह्यांना मार्क द्यायची खोड आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी माझ्या पोळीला ह्यांनी शंभरपैकी बासष्ट मार्क दिले, आणि कडा जाड असल्यामुळे ह्याच्यावर जाता येत नाही, असं वर कारणही सांगितलं. मी लाटणं खाली ठेवलं आणि पुढचे तीन दिवस नुसता भात केला. तेव्हापासून माझ्या स्वयंपाकाला मार्क देणं कायमचं बंद झालं. बाकीच्या जगाची मात्र सुटका झाली नाही.

हे म्हणजे पद्माकर ओगले, वय सदुसष्ट, मुक्काम वोल्फ्सबुर्ग, जर्मनी. इथल्या मोटारींच्या कारखान्यात बाहेरून येणारे सुटे भाग तपासण्यात ह्यांची सव्वीस वर्षं गेली. माल पुरवणारे लोक ह्यांना बघून चळाचळा कापायचे म्हणे. म्हणे अशासाठी, की ही माहिती मला ह्यांच्याकडूनच मिळालेली आहे. निवृत्त झाल्यावर तपासायला सुटे भाग उरले नाहीत, तेव्हा हे बेकरीतला पाव, बसचा ड्रायव्हर, शेजाऱ्यांचं कुंपण आणि माझं गाडी चालवणं तपासू लागले. मी तापट आहे असं ह्यांचं मत आहे. अशा माणसाबरोबर अडतीस वर्षं काढून कुणी थंड राहून दाखवावं.

दुसरी खोड पहिलीपेक्षा वाईट. जगाच्या चुका ह्यांना मैलावरून दिसतात, पण स्वतःला काय होतंय ते कुणाला सांगणार नाहीत. वॉशिंग मशीन हलवताना पायाचं बोट मोडलं, तर तीन दिवस तसेच कामावर गेले. चौथ्या दिवशी बूट पायात जाईना तेव्हा मला कळलं. जर्मनीत आल्यावर तर ह्यांच्या हाती 'आल्लेस गूट' हे दोन शब्द लागले. सगळं ठीक आहे. हे शब्द तोंडातून बाहेर पडले की समोरचा माणूस समाधानाने पुढे जातो, आणि ह्यांना नेमकं तेच हवं असतं.

अडीच वर्षांपूर्वी ह्यांच्या किडन्यांनी काम थांबवलं. वीस वर्षांच्या ब्लडप्रेशरने आतल्या आत केलेला तो उद्योग होता. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी डायलिसिस. डाव्या हातात दोन जाड सुया घालतात. एकीतून रक्त मशीनमध्ये जातं, धुऊन निघतं आणि दुसरीतून परत येतं. किडन्या जे काम रात्रंदिवस करतात ते मशीन आठवड्यातून तीनदा, साडेचार-साडेचार तासांत उरकतं. मधल्या दिवसांत जे खाल-प्याल ते अंगातच साठत जातं. म्हणून पाणी मोजून, मीठ बेतानं, आणि सगळ्यात जपायचं ते पोटॅशियमला. ते फार वाढलं तर हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं. हे म्हणाले, आल्लेस गूट.

मी घरी येऊन दत्ताच्या तसबिरीसमोर बसले आणि नवस बोलले. ह्यांना माझ्याजवळ राहू दे, आम्ही दोघं दर गुरुवारी उपास करू. ह्यांना विचारलं नाही. नवस बोलताना नवऱ्याला विचारायची आमच्यात पद्धत नाही.

पथ्याचं म्हणाल तर मी कुणाला बोट ठेवायला जागा ठेवली नाही. काय चालतं, काय चालत नाही, ह्याची यादी येना शहरात राहणाऱ्या आमच्या लेकीने, तनयाने, लॅमिनेट करून फ्रीजला लावली. बटाटे सोलून, चिरून, रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी सकाळी फेकायचं. टोमॅटो बंद, पालक बंद, सुका मेवा बंद. मी सहा दिवस त्या यादीपुढे हात बांधून उभी असायचे. सातव्या दिवशी यादीचा प्रश्नच येत नव्हता, कारण गुरुवारी आमच्याकडे जेवणच नसायचं.

पहिली अडीच वर्षं हे ज्या डायलिसिस सेंटरमध्ये जात, त्याला ह्यांनी शंभरपैकी एक्क्याण्णव मार्क दिले होते. पार्किंग दारातच. खिडकीतून झाडी दिसायची. खुर्च्या अशा, की विमानात पुढच्या रांगेत बसल्यासारखं वाटावं. नाश्त्याला दोन ब्रोट्शन म्हणजे छोटे पाव, चीज आणि हवी तेवढी कॉफी, ती कुणी मोजत नसे. नर्स गोड हसून आल्लेस गूट? असं विचारत आणि उत्तर यायच्या आत पुढच्या खुर्चीकडे जात. ह्यांनी घरी जायची घाई केली तर मशीन अर्धा तास आधी बंद करून सोडतही असत. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी रक्त तपासायचे आणि रिपोर्ट नेहमी झकास. मी दत्ताला हात जोडायचे.

मग त्या सेंटरने उम्बाऊ काढला. उम्बाऊ म्हणजे पाडापाडी आणि नवं बांधकाम. इथे एकदा ते सुरू झालं की माणसाने आपलं आयुष्य त्याच्या वेळापत्रकात बसवायचं असतं. दोन महिन्यांसाठी पेशंट इकडेतिकडे वाटून दिले आणि ह्यांना आमच्या घरापासून दहा मिनिटांवर असलेल्या दुसऱ्या सेंटरमध्ये पाठवलं.

पहिल्या दिवशी हे बाहेर आले ते छप्पन्न मार्क देऊनच. खुर्च्या जुन्या, खिडकीतून टायरचं दुकान दिसतं, कॉफीचा कप बाहुलीच्या भातुकलीतला आणि तोही एकच. शेजारचा हेर, म्हणजे मिस्टर, क्रोगर नावाचा गृहस्थ साडेचार तास घोरतो. आणि हे सगळं एकवेळ चाललं असतं, पण तिथली नर्स.

तिचं नाव श्वेस्टर हाइडरून; इथे सिस्टरला श्वेस्टर म्हणतात. वय पंचावन्नच्या आसपास, केस बारीक कापलेले, पायात पांढरे क्लॉग, म्हणजे जाड तळाच्या चपला. ती आल्याबरोबर हात कोपरापर्यंत धुवायला लावते. मग स्टेथोस्कोप लावून सुया घालायची हातातली शीर नीट वाहते का ते ऐकते. मग वजन करते, आणि दोन दिवसांत अडीच किलो कसं वाढलं हे इतक्या गंभीरपणे विचारते, की ह्यांना वाटावं आपण काहीतरी चोरून आणलंय. साडेचार तास म्हणजे साडेचारच तास. ह्यांनी पहिल्याच दिवशी जुन्या सेंटरचा दाखला देऊन अर्धा तास सूट मागितली, तर तिने खुर्चीच्या कडेला बसून, त्या अर्ध्या तासात रक्तातलं काय काय धुतलं जात नाही, ते समजावून सांगितलं. समजावण्यात वीस मिनिटं गेली. ह्यांनी त्याबद्दल आणखी तीन मार्क कापले.

तो पहिला दिवस शुक्रवार होता. नवा पेशंट म्हणून तिथे त्याच दिवशी रक्त तपासलं आणि पोटॅशियम निघालं सहा पूर्णांक आठ. साडेपाचच्या वर गेलं की तिथले लोक बेचैन होतात. डॉक्टर धावत आले, छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली, मशीनमधलं औषधी पाणी बदललं. श्वेस्टर हाइडरूनने ह्यांना विचारलं, काल काय खाल्लं होतंत? हे खरं तेच बोलले. काही नाही, काल माझा उपास होता.

पुढच्या बुधवारी पुन्हा तपासलं तर पाच. मी ताबडतोब निकाल लावला, की तिथलं तपासणीचं यंत्र बिघडलेलं आहे. जुन्या सेंटरमध्ये अडीच वर्षं रिपोर्ट चांगले येत होते आणि इकडे आल्याआल्या वाईट येतात, म्हणजे खोट कुणात आहे हे सांगायला इंजिनियर लागत नाही. आमच्या घरात एक इंजिनियर होता, त्यानेही मान डोलावली. कारखान्यात असताना असं मोजमाप टेबलावर आलं असतं तर मी यंत्रच परत पाठवलं असतं, म्हणाले. अडतीस वर्षांत आमचं इतकं एकमत क्वचितच झालं असेल.

त्याच आठवड्यात जुन्या सेंटरचं पत्र आलं. काम वेळेआधी संपलं आहे, तुमची जागा धरून ठेवली आहे, पुढच्या गुरुवारपर्यंत कळवा, नाहीतर ती दुसऱ्याला देऊ. सोबत फॉर्म. मी पत्र वाचून दाखवलं तसा ह्यांचा चेहरा असा खुलला, की जणू सासुरवाशिणीला माहेरचं बोलावणं आलंय. होकाराच्या चौकोनात लगेच खूण करायला निघाले होते, पण चष्मा सापडेना म्हणून ते राहिलं.

दुसऱ्या शुक्रवारी सकाळी नऊला माझा फोन वाजला. पलीकडे श्वेस्टर हाइडरून. ह्यांचं पोटॅशियम आज सहा पूर्णांक नऊ आहे, आत्ता मशीनवर आहेत, धोका नाही, पण मला तुमची मदत हवी, म्हणाली. मी सांगितलं की कालही उपासच होता, ह्यांनी अन्नाला हात लावलेला नाही.

"फ्राऊ ओगले," ती म्हणाली, "तुमचे मिस्टर जेव्हा काहीच खात नाहीत, तेव्हा काय खातात?"

मला हसू आलं. किती सरळ प्रश्न, आणि अडीच वर्षांत कुणी विचारला नव्हता. तिने सांगितलं की कालचं जे असेल ते सगळं घेऊन या, जेवढं खाल्लं तेवढंच. मला वाटलं, बाई खवय्यी दिसते. ह्यांनी खिचडीचं वर्णन केलं असणार आणि हिच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. तरी बरं, गुरुवारचं उरलेलं फ्रीजमध्ये होतंच. पण परक्या बाईला शिळं कसं द्यायचं, म्हणून खिचडी ताजी परतली. बाकीचं गरम केलं, चांगला कुडता घातला आणि स्टीलच्या डब्यांची चळत घेऊन पाऊण तासात हजर झाले.

ह्यांच्या खुर्चीशेजारी एक टेबल होतं. तिथे मी एकेक डबा उघडून मांडत गेले आणि नावं सांगत गेले. साबुदाण्याची खिचडी, भरपूर दाण्याचं कूट घालून. बटाट्याची भाजी. दाण्याची आमटी. गुळातले रताळ्याचे काप. केळ्याचं शिकरण. चार खजूर आणि एक नारळाची वडी, दुपारी चहाच्या वेळी. मी चमचाही आणला होता. तिने चमचा घेतला नाही. तिने आतून स्वयंपाकाचा वजनकाटा आणला, एकेक डबा त्यावर ठेवला आणि कागदावर आकडे लिहू लागली. हे खुर्चीवरूनच मान उंच करून बघत होते. वजनकाटा दिसल्यावर ह्यांना तिच्याबद्दल पहिल्यांदाच थोडा आदर वाटला असावा.

साबुदाणा बघून ती म्हणाली, हे चांगलं, हे रोज खा. मग तिने पेनाच्या टोकाने खिचडीतलं कूट दाखवलं. मग आमटी. मग बटाटा, जो मी सहा दिवस रात्रभर भिजवते आणि गुरुवारी सालासकट उकडते, कारण उपासाचा बटाटा असाच करतात. मग केळं, मग खजूर, मग नारळ. तिने माझ्याकडची ती फ्रीजवरची यादी मागितली नाही. तिला ती पाठ होती, आणि मलाही पाठ होती. पाचव्या डब्यापर्यंत पोचेस्तोवर मीच डब्यांना झाकणं लावायला लागले होते.

"गुरुवारी हेर ओगले काहीच खात नाहीत," ती म्हणाली, "आणि चार दिवसांचं पोटॅशियम खातात."

ती रागावून बोलली असती तर मी भांडले असते. मला भांडता येतं, जर्मनमध्येसुद्धा. पण तिने खांद्यावर हात ठेवला आणि मला रडू फुटलं. मी तिला माझ्या मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं, की हे सगळं मी केलंय, ह्यांनी नाही. ह्यांनी जगावं म्हणून केलंय. जुन्या सेंटरमध्ये रक्त नेहमी बुधवारी काढायचे आणि गुरुवारचं पाप तोवर सहा दिवस आणि दोन डायलिसिस मागे पडलेलं असायचं. म्हणून आमचे रिपोर्ट झकास.

ती मग ह्यांच्याकडे वळली. शुक्रवारी सकाळी पाय कसे असतात, असं विचारलं. हे म्हणाले, आल्लेस गूट. मी मनात म्हटलं, झालं, आता ही पुढच्या खुर्चीकडे जाणार. ती गेली नाही. तिथेच उभी राहिली. तिने तोच प्रश्न तसाच, त्याच आवाजात पुन्हा विचारला. हेर क्रोगरचं घोरणं सोडलं तर कसलाही आवाज नव्हता. हे मशीनकडे बघत राहिले, आणि मग जर्मनमध्ये नाही, मराठीत, माझ्याशी बोलले.

"गुरुवारी रात्री पायांत शिसं ओतल्यासारखं होतं. बाथरूमपर्यंत भिंतीला धरून जातो. छातीत मधेच एक ठोका चुकतो."

कधीपासून, मी विचारलं. दोन वर्षं झाली असतील, म्हणाले. मग सांगितलं का नाहीत?

"तू इतक्या मनापासून करायचीस. ताट वाढताना तुझा चेहरा काय असायचा. म्हटलं, एवढं एक आहे तिच्या हातात, ते कशाला काढून घ्यायचं."

मी श्वेस्टर हाइडरूनला ह्यातलं पायांचं आणि छातीचं तेवढं जर्मनमध्ये सांगितलं. बाकीचं माझं होतं, ते मी ठेवून घेतलं. तिने सगळं लिहून घेतलं, डॉक्टरांना बोलावलं आणि जाताना कॉफीचा तो भातुकलीतला कप माझ्यासाठी भरून आणला.

आता कुणालाही वाटेल की एवढं झाल्यावर प्रश्न मिटला. पण तो पद्माकर ओगल्यांना ओळखत नाही. मंगळवारी संध्याकाळी चष्मा सापडला आणि हे फॉर्म घेऊन बसले. ह्यांचं म्हणणं असं, की दोष पदार्थांचा होता, तो सापडला, आता दाणे-बटाटे बंद केले की काम झालं. मग त्या घोरणाऱ्या क्रोगरशेजारी बसून टायरचं दुकान कशाला बघायचं? तिकडे झाडी आहे, कॉफी आहे. आणि मुख्य म्हणजे तिकडे माणसाला स्वस्थ बसू देतात. ही बाई फार विचारते, म्हणाले. वजन का वाढलं, झोप लागते का, खाज येते का, पायात गोळे येतात का. चौकशी आयोग बसलाय जणू. तिकडे अडीच वर्षं मी सुखात होतो.

माझं डोकं सटकलं. हातातला कुकर मी ओट्यावर असा आपटला, की शिट्टी उडून सिंकमध्ये पडली.

"तिकडे सुखात मेला असतात," मी म्हणाले.

इतकं स्पष्ट मी अडीच वर्षांत बोलले नव्हते. मरण हा शब्द आमच्या घरात यादीतल्या पालकासारखा बंद होता. फॉर्म तसाच कोरा टेबलावर राहिला. बुधवारी हे गप्प गेले आणि गप्प आले. मीही विचारलं नाही. विचारायला तिथे एक जण आहे, मी मनात म्हटलं, आणि ही जागा ह्यांनी सोडली तर तेही संपलं.

गुरुवार उजाडला. त्या दिवशी संध्याकाळच्या आत फॉर्म टपालात पडायला हवा होता. सकाळी मी दत्तासमोर बसले. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ बसले, कारण बोलायचं बरंच होतं. मग उठून कुकर लावला. मऊ भात केला, दुधीची भाजी केली, पातळ वरण वाटीत बेतानं घेतलं, वर साजूक तूप. साडेबाराला ह्यांचं ताट वाढलं. माझ्यासाठी एक सफरचंद चिरून घेतलं.

हे येऊन बसले आणि ताटाकडे बघत राहिले. आज गुरुवार आहे, म्हणाले. मी म्हटलं, माहितीये. माझा आहे. तुमचा उपास आजपासून सुटला.

"आणि तुझा नवस?"

"नवस तुम्ही राहावेत म्हणून होता. तुम्ही राहणार असलात, तर दत्ताचं आणि माझं काय ते आम्ही बघून घेऊ. तुम्ही जेवा."

ह्यांनी वरण भातावर ओतलं आणि कालवायला लागले. अडीच वर्षांत गुरुवारी ह्यांनी कालवलेला तो पहिला भात. मी सफरचंदाच्या फोडींकडे बघत होते, कारण वर बघितलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. अर्धा भात झाल्यावर ह्यांनी डाव्या हाताने फॉर्म पुढे ओढला आणि मला पेन दे म्हणाले. मी दिलं. उजवा हात वरणाने माखलेला, त्यामुळे खूण वेडीवाकडी आली, पण ती नकाराच्या चौकोनात होती. मग भाजी अजून आहे का, असं विचारलं, आणि मी वाढली.